तिडके मॅडमचा खेळ

“फारेस्टवाले नाई करत मदत. ते तं कुऱ्हाड नेते,” प्रणय म्हणाला, आणि बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या.

मी अंगणवाडीच्या फरशीवर पुठ्ठ्याच्या टोप्या कापत बसले होते. त्या महिन्याचा विषय होता ‘आपले मदतनीस’. पोस्टमनची पिशवी माझ्या नवऱ्याच्या जुन्या खाकी पँटची शिवली होती. डॉक्टरच्या गळ्यात सलाईनची रिकामी नळी होती, ती नर्सबाईंनी दिली होती. आपल्याला कोण कोण मदत करतं, असं मी विचारलं होतं. पोरांनी दाक्तर सांगितला, पोस्टमन सांगितला, लाइनमन सांगितला. एकानं एसटीचा कंडक्टर सांगितला. आणि मग मागच्या ओळीतून ईश्वरी उठली आणि म्हणाली, “माझी मम्मी.”

तिची आई तिडके मॅडम. आमच्या बोथलीटोल्याची बीटगार्ड, म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याची राखण करणारी. लातूरकडची बाई, अंगावर खाकी, कमरेला शिट्टी. नवरा तिकडेच नोकरीला होता. ही चार वर्षांच्या पोरीला घेऊन अंगणवाडीसमोरच्या सरकारी खोलीत राहायची. गावात तिला जेवायला कुणी बोलावत नसे. सरपणाला गेलेल्या माणसाची कुऱ्हाड तिनं धरली नाही असं एक घर नव्हतं. प्रणयच्या बापाची तर दोनदा नेली होती.

“काऊन नेली असन कुऱ्हाड?” मी प्रणयला विचारलं.

“तिच्या घरी चूल नाई काय? तिले लाकडं लागत असन.”

ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी एक टोपी हिरवी रंगवून तिच्या डोक्यावर ठेवली आणि म्हटलं, “उद्या तुझ्या मम्मीलाच बोलावू. ती सांगेल.”

माझी मदतनीस भीमाबाई खिचडीच्या गंजाजवळून माझ्याकडे बघत होती. अंगणवाडीतल्या हाताखालच्या बाईला सरकारी भाषेत मदतनीसच म्हणतात. पोरं निघून गेल्यावर ती म्हणाली, “बाई, तिले कायले बोलावता? गाववाले नाव ठेवतीन.”

“ठेवू दे.”

तिडके मॅडम आल्या तेव्हा दारातच घुटमळल्या. “कुंदाताई, मला मदतनीस म्हणायलाव तुम्ही? ह्या गावात?” असं म्हणून हसल्या. मग बूट काढून पोरांमध्ये मांडी घालून बसल्या.

त्यांनी भाषण केलं नाही. खेळ मांडला. मोहाचा हंगाम तोंडावर होता, म्हणून पोरं मोहफुलं वेचणाऱ्या बाया झाली. पिवळ्या कागदाचे बोळे जमिनीवर टाकले. प्रणयला वाघाचा मुखवटा दिला आणि कोपऱ्यात बसवलं. मयूरी नावाची एक लहानशी पोर एकटीच वाकून बोळे वेचायला लागली, तसा प्रणय डरकाळी फोडून तिच्या पाठीवर पडला. सगळी पोरं हसली.

“का बरं धरलं वाघानं हिला?” मॅडमनी विचारलं.

“भूक लागली होती त्याले.”

“ही वाकली होती. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटतच नाही. त्याला वाटतं, चार पायांचं जनावर चाललंय. मग काय करायचं? एकटं जायचं नाही. चौघींनी जायचं, तिघींनी वेचायचं, एकीनं उभं राहून मोठ्यानं बोलायचं. गाणं म्हणायचं. उजाडायच्या आत जायचंच नाही. घरी जाऊन आईला सांगणार का?”

पोरं ओरडली, “हो!”

मग ईश्वरी हिरवी टोपी घालून, हातात काठी घेऊन मध्ये उभी राहिली आणि वाघाला हाकलू लागली. प्रणय मागं सरेना. मॅडम म्हणाल्या, “गार्डानं पाठ दाखवायची नाही. पळायचं नाही. त्याच्या डोळ्यात बघत हळूहळू लोकांना मागं न्यायचं.”

त्यानंतर आठवडाभर पोरांनी दुसरा खेळ खेळला नाही. डॉक्टरची नळी खुंटीवरच राहिली. वाघ व्हायला कुणी तयार होईना, सगळ्यांना गार्ड व्हायचं होतं. एका दुपारी प्रणय टोपी घालूनच घरी गेला. त्याचा बाप दुसऱ्या दिवशी ती परत करायला आला, माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि तसाच निघून गेला. पण संध्याकाळी नळावर बाया बोलताना मी ऐकलं, “माही पोट्टी म्हनते, माय, एकटी नोको जाऊ.” मला बरं वाटलं. तिडके मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “चार घरं ऐकली तरी बास झालं, ताई.”

माझ्या घरी ऐकलं नाही. मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. “जलम गेला माहा मोह वेचता. ते कालची आली अन् मले शिकवते?” त्या म्हणाल्या. माझा नवरा रेवनाथ तिथंच होता. तो हसला. आता मी त्याचं नाव घेते, तेव्हा घेत नव्हते.

एका पहाटे सासूबाई एकट्याच गेल्या. आदल्या दिवशी दुसऱ्या कुणी तरी त्यांच्या झाडाखालची फुलं वेचून नेली होती, म्हणून त्यांना सगळ्यांच्या आधी पोहोचायचं होतं. मी अंगणवाडी उघडून पोरांना प्रार्थनेला उभं करत होते, तेवढ्यात एक गुराखी धावत आला. तो माझ्याकडे बघून थांबला. मग म्हणाला, “बाई, घरी जा.” पोरांना भीमाबाईवर सोपवून मी धावले.

तिडके मॅडमना गस्तीवर असताना कुणाला तरी ओढून नेल्याचा माग दिसला होता. त्यांनी गुराख्याला गावात पिटाळलं आणि स्वतः एकट्या आत गेल्या. माणसं पोहोचली तेव्हा त्या काठी आपटत, ओरडत प्रेताजवळ उभ्या होत्या. वाघ झुडपात बसून होता, जात नव्हता. त्या पाठ न दाखवता तशाच उभ्या राहिल्या, म्हणून आम्हाला सासूबाई पुऱ्या मिळाल्या. मला हे त्या गुराख्यानं नंतर सांगितलं. त्या दिवशी गावात कुणी सांगितलं नाही.

खाटेवर घालून त्यांना घरी आणलं. अंगावर मॅडमची शाल होती. माझी चुलत सासू ती शाल काढून कोपऱ्यात फेकत म्हणाली, “फारेस्टची हाय.” बाया रडत होत्या. मी सासूबाईंच्या पायाशी बसले होते. बाहेर पुरुषांचा आवाज वाढत गेला. आसपासच्या गावांत त्या वर्षी आधीही माणसं गेली होती. वाघ पकडा म्हणून किती वेळा सांगून झालं होतं, पण वरून परवानगी आली नव्हती. “वाघ यायचा, जंगल यायचं, अन् मरन आमचं?” असं कुणी तरी ओरडलं. त्या ‘यायचा’मध्ये, म्हणजे ‘यांचा’मध्ये, जी काय धग होती ती मला आतपर्यंत कळत होती. माझ्याही मनात तीच होती. मग तो आवाज दूर गेला, सडकेकडे. साहेबांची गाडी आली असेल असं आम्हाला वाटलं.

बऱ्याच वेळानं रेवनाथ आत आला. तिरडीला बांबू आणायला गेलो होतो म्हणाला. त्यानं आंघोळ केली होती. तो आईच्या डोक्याशी बसला आणि रडला नाही.

आम्ही सासूबाईंना नेत होतो तेव्हा सडकेवर वनखात्याची एक मोटरसायकल जळत होती. मी भीमाबाईला शोधलं. ती प्रेतयात्रेत नव्हती. परतल्यावर कळलं, तिडके मॅडमना अंगणवाडीसमोर कुणी तरी मारलं, त्यांना चंद्रपूरला नेलं. ऑफिसातली माणसं संध्याकाळी येऊन ईश्वरीला घेऊन गेली. तिची चप्पल अंगणवाडीतच राहिली होती.

तिसऱ्या दिवशी मॅडम गेल्या. शुद्धीवर आल्याच नाहीत.

पोलीस घरोघर फिरले. सगळं गाव एकच वाक्य बोललं, “आमी मयतीत होतो.” आमच्या घरी आले तेव्हा रेवनाथचं मुंडण झालेलं होतं. फौजदार त्याच्याकडे बघून खालच्या आवाजात बोलला आणि लवकर उठला. रात्री मी रेवनाथला विचारलं, “तुमाले माहीत असन ना, कोन होतं?”

“मी बांबू आनाले गेलो होतो.”

“गर्दी तं अंगणवाडीसमोरच होती. बांबूच्या बेटाकडचा रस्ता तिथूनच जाते.”

“माय मेली माही,” तो म्हणाला. “तुले त्या बाईची पडली?”

 मला वाटलं, खरंच आहे, त्याची माय गेली.

तेरवी झाली. अंगणवाडी पुन्हा सुरू केली. पोरं आली, पण गोंगाट नव्हता. मी गाणं घेतलं, कुणी म्हटलं नाही. भीमाबाई माझ्याकडे न बघता काम करत होती. तिला ताप येऊन गेला होता, असं ती म्हणाली. खिचडी झाल्यावर ती भांडी घेऊन मागं गेली आणि मी हापशीवर पाणी आणायला गेले. परत येताना आतून पोरांचे आवाज आले. खेळताहेत म्हणून मला हायसं वाटलं. मला बघून ती पुन्हा गप्प होऊ नयेत म्हणून मी दाराबाहेरच थांबले.

“तू तिडके मॅडम हो,” प्रणय म्हणत होता.

“मी नाई. मले लागते,” मयूरी म्हणाली.

“अवो, खोटं खोटं. हे टोपी घाल.”

“मी कोन?” लोकेशनं विचारलं. लोकेश म्हणजे भीमाबाईचा नातू.

“तू तुहा बाबा. तू पाय धर. अन् मी रेवनाथ काका. मापाशी बांबू हाय.”

पाण्याची कळशी माझ्या कमरेवर होती. ती मी खाली ठेवली नाही.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. मयूरी हिरवी टोपी घालून उभी होती आणि बाकीच्यांनी तिला घेरलं होतं. “वाघ यायचा! वाघ यायचा!” सगळी ओरडत होती. मयूरी हात जोडून म्हणाली, “दादा, मी त्यांना सोडून पळाले नाही.” मयूरीच्या तोंडी ही भाषा नव्हती. ‘दादा’ आम्ही असं म्हणत नाही. तिनं ऐकलं तसंच ती म्हणत होती.

“आता मी पयला हानतो,” प्रणय म्हणाला, आणि त्यानं फूटपट्टी उगारली.

“नाई, पयले तुले रडा लागन,” लोकेश म्हणाला. “रेवनाथ काका पयले रडला, मंग हानला.”

प्रणयनं दोन्ही मुठी डोळ्यांवर घासल्या. मग फूटपट्टी मयूरीच्या टोपीवर मारली. हलकेच मारली. मयूरी खाली पडली. मग एकेक जण पुढं आला आणि ज्याचं त्याचं नाव घेऊन मारू लागला. सगळी नावं माझ्या ओळखीची होती. बहुतेक पोरांनी आपापल्या बापाचंच नाव घेतलं.

मयूरी सरपटत भिंतीकडे गेली आणि भिंतीवर हात आपटू लागली. भिंत म्हणजे दार असावं. दुसरी एक पोर पलीकडून उठली.

“मी भीमा आजी. मी उघडतो दार.”

“नाई, नाई!” सगळी ओरडली. “उघडाचं नसते! तसं नाई झालं!”

“काऊन नाई उघडाचं?”

“नाई उघडलं ना तिनं. तू आंगात लेकरू धरून बस.”

ती पोर बाहुली पोटाशी दाबून बसली. मयूरी हात आपटत राहिली आणि तिचे ओठ हलत होते, पण ती काय म्हणत होती ते ऐकू येत नव्हतं. मग तिनं हात आपटायचे थांबवले आणि ती निजली. पोरं तिच्याभोवती उभी राहिली. कुणी तरी म्हणालं, “आता मी मॅडम.” आणि टोपी मयूरीच्या डोक्यावरून काढली.

मी आत गेले. पोरं पांगली. मी कुणाला रागावले नाही. टोप्या गोळा केल्या आणि कपाटात ठेवल्या, एवढंच केलं. 

पोरं गेल्यावर मी भीमाबाईला धरलं. “दार काऊन नाई उघडलं?”

ती भांड्याची राख हाताला चोळत राहिली. “कोनं सांगतलं तुमाले?”

“पोट्ट्यांनी. ते खेळून रायले होते.”

तिनं हात धुतले. पदर तोंडाला लावला.  मग म्हणाली, “खिडकी लावाले गेलो मी, तं कडी तुटकी. लेकरं सारे खिडकीपाशी. ईशूले मी पयलेच ओढून घेतलं होतं, तिचं तोंड माह्या पोटात दाबलं, कान दाबले. मंग ते आली दारापाशी. रक्तात नायलेली असन, मी नाई पायलं. हात मारे दारावर. मी उठलो होतो बाई, कडीले हात लावला होता.”

“मंग?”

“ते ‘उघडा’ नाई म्हने. ते म्हने, दार उघडू नका. मावशी, ईशूला बाहेर सोडू नका, काही झालं तरी दार उघडू नका. मी अस्सल तेच आयकलं.”

मी तिच्याजवळ बसले.

“तिले वाटलं असन, हे आत येतीन, पोरीले करतीन काही. अन् आले असते बी. भान होतं काय कोनाले?” भीमाबाई म्हणाली. “माहा श्रीहरी होता त्याईच्यात. मी त्याचा आवाज आयकला. पोटच्या पोराचा आवाज आयकला अन् मी दाराले पाठ लावून बसलो. ते बाहेरून हात मारे, मले पाठीत लागे.”

“पोलिसाले सांगा लागन तुमाले.”

“माहा एकच पोरगा हाय, बाई.”

संध्याकाळी रेवनाथ जेवायला बसला. मी ताट वाढलं आणि म्हटलं, “तुमी पयले रडले, मंग हानलं.”

त्याचा हात ताटातच राहिला. मी कुठून ऐकलं हे त्यानं विचारलं नाही.

“एकच हानला मी,” तो म्हणाला. “बांबू हातात होता. तिरडीले तोडलेला. ते म्हने, मी सोडून पळाले नाही. मले वाटलं, मंग माय काऊन मेली? एकच हानला, कुंदा. बाकीचे त्याईनं हानले.”

“पयला तुमी हानला.”

“हो.”

“तो बांबू कुठं हाय?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “मायसंगच गेला,” तो म्हणाला. मग ताट सरकवून तो रडायला लागला. आई गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. फिरवावासा वाटत होता, हेही खरं.

मी त्याला म्हटलं, “तुमी सोताहून जा. मी येतो संगं.”  पुढचे दोन दिवस तो शेतावरच राहिला.

तेवढ्यात पोरांचा खेळ गावात पोहोचला होता. अंगणवाडीत टोप्या नव्हत्या तर ती गल्लीत खेळली, देवळामागं खेळली. एका बापानं आपल्या पोराच्या तोंडून आपलं नाव ऐकलं. त्या रात्री घराघरांत पोरांना मार बसला. दुसऱ्या दिवशी प्रणय आला तो कानाखाली वळ घेऊन. मी त्याला विचारलं, “काय झालं रे?” त्यानं मान हलवली. मयूरीला विचारलं. तीही बोलली नाही. मी मुद्दाम भातुकली काढली, बाहुल्या काढल्या. एकही पोर जागचं हललं नाही. हात मांडीवर ठेवून सगळी म्हाताऱ्यांसारखी बसून राहिली.

दुपारी सरपंच आले. खुर्चीवर बसून म्हणाले, “बाई, तुमचं दुःख मोठं हाय. पन हे मदतनीस-फदतनीस बंद करा. पोट्ट्याईले एबीसीडी शिकवा.”

“पोरांनी पाहिलं ते खेळली.”

“पोट्ट्याईनं काई नाई पायलं,” सरपंच म्हणाले. “अन् तुमी तं नाईच पायलं. तुमी मयतीत होता.”

ते गेल्यावर मी अंगणवाडीला कुलूप लावलं आणि एसटीत बसले.

ठाण्यात तोच फौजदार होता. मी नवऱ्याचं नाव सांगितलं तेव्हा त्यानं लिहिणाऱ्या शिपायाला हातानं थांबवलं. “बाई, नीट विचार करून बोलताय ना? पाणी घ्या.”

मी पाणी प्यायले आणि पुन्हा सांगितलं. रेवनाथ माझ्याशी काय बोलला ते सगळं सांगितलं, बाकीची नावंही सांगितली. बाकीची नावं मला कुठून कळली असं फौजदारानं विचारलं. मी म्हटलं, गावात ऐकलं.

“कुणाकडून? पोरांनी बघितलं का? अंगणवाडी समोरच आहे.”

“पोरांना मधे घ्यायचं नाही, साहेब.”

“बघितलं असेल तर घ्यावं लागेल.”

“ती चार-पाच वर्षांची आहेत. बापाकडे बोट दाखवायला लावणार तुम्ही त्यांना? मग ती घरी जाणार कुणाच्या? मी सांगते ते लिहा. पोरांचं नाव घेतलं तर मी सही करणार नाही.”

त्यानं मला खूप वेळ बसवून ठेवलं. शेवटी माझं तेवढंच लिहून घेतलं.

रेवनाथला शेतावरून नेलं. त्यानं ठाण्यात बाकीची नावं सांगितली, मग वकिलानं शिकवल्यावर परत घेतली. श्रीहरी आणि आणखी काही जण आत गेले. मी त्या घरात परत गेले नाही. चुलत सासऱ्यांनी माझी पेटी रस्त्यावर आणून ठेवली होती. नळावर माझ्या कळशीतलं पाणी बायांनी ओतून दिलं. आमच्या सुपरवायझर बाईंनी माझी बदली दुसऱ्या तालुक्यातल्या अंगणवाडीत करून दिली, म्हणून पोट भरलं.

खटला उभा राहीपर्यंत पोरं मोठी झाली. तोवर सगळे जामिनावर सुटले होते. सरकारी वकील मला आधीच म्हणाले, “नवऱ्यानं तुम्हाला घरात सांगितलेलं कोर्टात चालणार नाही. तुम्ही डोळ्यांनी काही बघितलेलं नाही. सगळी भिस्त त्या मदतनीस बाईवर आहे.”

भीमाबाई खूप वाकली होती. साक्षीच्या पिंजऱ्यात तिला धरून चढवावं लागलं. वकिलांनी विचारलं, “त्या दिवशी तुम्ही खिडकीतून काय पाहिलं?”

“मी खिडकी नाई पायली. माह्या पोटाशी लेकरू होतं.”

“आवाज ऐकले का? कुणाचे?”

ती समोर बघत होती. समोर श्रीहरी बसला होता, त्याच्या मागं लोकेश, आता मिसरूड फुटू लागलेला. रेवनाथ भिंतीजवळ होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

“लय गलका होता, साहेब,” भीमाबाई म्हणाली. “मले कोनाचा आवाज नाई समजला.”

वकिलांनी कागद मिटले.

सगळे सुटले. बाहेर येऊन माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, पण गुलाल कुणी उधळला नाही. सगळी गडबडीनं जीपमध्ये बसून निघून गेली. रेवनाथ फाटकाशी थोडा थांबला, माझ्याकडे आल्यासारखा दोन पावलं आला आणि वळून गेला. भीमाबाई मागं राहिली होती. ती कोर्टाच्या ओट्यावर सावलीत टेकली होती. लोकेश तिच्यासाठी पाणी आणायला गेला होता.

माझ्याजवळ एक मुलगी येऊन उभी राहिली. शाळेचा गणवेश, दोन वेण्या. मागं थोड्या अंतरावर तिचे वडील होते, डोळे पुसत.

“तुम्ही कुंदा मॅडम ना? मी ईश्वरी.”

मी तिचा हात धरला. 

“मला थोडं थोडं आठवतं,” ती म्हणाली. “मी कुणाच्या तरी मांडीत होते. अंधार होता, राखेचा वास होता. दार वाजत होतं. पप्पा म्हणतात, मम्मी दार उघडा म्हणत होती आणि कुणी उघडलं नाही. खरंय का?”

“नाही,” मी म्हटलं. “ती म्हणत होती, दार उघडू नका. ईशूला बाहेर सोडू नका.”

ईश्वरी माझ्याकडे बघत राहिली. तिनं ते वाक्य ओठातल्या ओठात पुन्हा म्हटलं. मग विचारलं, “आणि मी कुणाच्या मांडीत होते?”

मी ओट्याकडे बघितलं. मला खोटं सांगता आलं नसतं.

“त्या आजी. त्यांनी तुला सोडलं नाही.”

मी आणखी काही बोलायच्या आत ती चालत तिकडे गेली. भीमाबाईनं वर बघितलं. तिनं आधी ओळखलं नाही. ईश्वरीनं स्वतःचं नाव सांगितलं असावं, कारण म्हातारीचे दोन्ही हात एकदम ओट्यावरून उठले आणि हवेतच थांबले. ईश्वरी वाकली आणि तिनं भीमाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. नेहमीच्या नमस्कारासारखं नाही, पुरतं ठेवलं आणि ठेवूनच राहिली.

लोकेश पाण्याची बाटली घेऊन आला होता. तो पायऱ्यांवरच थांबला.

भीमाबाईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला पाहिजे होता. मी वाट बघत होते. तिचे हात तसेच अधांतरी होते, तोंड उघडं होतं, आणि ती कोर्टाच्या दाराकडे बघत होती. शिपाई आतून ते दार लावून घेत होता.